एकतिसावी पायरी

“पान सात,” म्हणून अन्नपूर्णाबाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि पोथी वाचावी तशा सुरात वाचायला सुरुवात केली. “ओल्या हातांनी यंत्रास स्पर्श करू नये. न्हाणीघर, धुण्याची जागा, पोहण्याचा तलाव, अशा पाण्याच्या ठिकाणी यंत्र नेऊ नये. विजा चमकत असता बोलू नये. घंटा वाजत असता यंत्र कानाशी धरू नये, कानास इजा संभवते. ऐकताय ना?”

“गंगेचं नाव आहे का त्यात?” बिंदुमाधवांनी विचारलं.

“गंगेचं कसं असेल? अमेरिकेत छापलंय.”

“मग झालं तर. निषेध नाही ना, मग चालतं.”

बिंदुमाधव टोकेकर हे पंचगंगा घाटाच्या माथ्यावर राहणारे उपाध्याय. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्यांचं श्राद्धपक्ष करण्यात त्यांच्या चार पिढ्या गेल्या होत्या. यजमानाला उपास झेपत नसेल, बसवत नसेल, गाडी पकडायची असेल, तर शास्त्रातून वाट काढून देण्यात त्यांचा हात धरणारा सगळ्या घाटावर कुणी नव्हता. अन्नपूर्णाबाई इंग्रजी घेऊन इंटर झालेल्या होत्या. त्यामुळे घरात दोन शास्त्रं नांदत होती. संस्कृतातलं बिंदुमाधवांकडे, आणि फोनबरोबर आलेलं हे चौसष्ट पानी इंग्रजी पुस्तक बाईंकडे.

फोन विश्वजीतने पाठवला होता, ह्यूस्टनहून. फोनला येऊन दीड वर्ष झालं होतं. विश्वजीतला येऊन सहा वर्षं झाली होती.

एकाच फोनला दोन लाइनी लागतात हे ऐकून घाटावरचे लोक चकित होत, पण त्यामागची कथा साधी होती. बिंदुमाधवांनी फोनसाठी अर्ज केला, तो काही मंजूर होईना. म्हणून विश्वजीतने कॉलेजात असताना आपल्या नावावर दुसरा अर्ज केला. नऊ वर्षं दोन्ही अर्ज पडून राहिले आणि विश्वजीत अमेरिकेला गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात, एकाच पंधरवड्यात, दोन्ही मंजूर झाले. घरात तीन माणसं होती तेव्हा फोन नव्हता, दोन उरली तेव्हा दोन फोन झाले. नऊ वर्षांनी मिळालेला फोन परत करण्याची काशीत पद्धत नाही.

तेव्हा विश्वजीतने हे बिनतारी यंत्र धाडलं. त्याची बैठक दिवाणखान्याच्या खिडकीत ठेवलेली असे. अमेरिकेची वीज अर्ध्या जोराची, म्हणून शेजारी विटेएवढा ट्रान्सफॉर्मर सतत घुं घुं करत असे. हातातला भाग मात्र कुठेही न्यावा. त्यावर एक नंबरचं बटण, दोन नंबरचं बटण, एकाला थांबवून दुसऱ्याशी बोलण्याचं बटण आणि दोघांनाही एकत्र जोडण्याचं बटण होतं. शेवटचं बटण बिंदुमाधवांचं फार लाडकं. एकावेळी दोन यजमान! असली सोय पूर्वजांना कुठे होती?

यंत्र किती लांब चालतं हेही त्यांनी स्वतः मोजलं होतं. घरासमोरून घाटाच्या पायऱ्या सुरू होत. एकतिसाव्या पायरीपर्यंत आवाज स्वच्छ. बत्तिसाव्या पायरीवर खरखर. तेहतिसाव्या पायरीवर काही नाही.

फोनवरून धर्मकार्य करण्याची सुरुवात मात्र हौसेने झाली नव्हती. गेल्या साली विश्वजीतला मुलगी झाली. तिचं बारसं इथे येऊन करायचं ठरलं होतं. मग रजा मिळाली नाही. “बाबा, तुम्ही फोनवरूनच मंत्र म्हणा ना, मी फोन तिच्या कानाशी धरतो,” असं विश्वजीत म्हणाला आणि बिंदुमाधवांनी म्हटले. पलीकडे ती ईशानी रडली. तो रडण्याचा आवाज एवढीच त्यांची आपल्या नातीशी ओळख. फोन ठेवल्यावर अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, “हे काही बरोबर झालं नाही.” त्यावर बिंदुमाधवांनी त्यांना अर्धा तास शास्त्र समजावून सांगितलं. भाव महत्त्वाचा, देह कुठे आहे त्याला महत्त्व नाही. बोलता बोलता ते इतके रंगले की त्यांना स्वतःलाच पटलं. मग ते यजमानांनाही पटवू लागले.

म्हणून अठ्ठ्याण्णव सालच्या सर्वपित्री अमावास्येला दिनानाथरावांच्या दोन्ही मुलांचं श्राद्ध फोनवरून ठरलं.

दिनानाथराव नागपूरचे, निवृत्त हेडमास्तर. काशीवास करायचा म्हणून ते बिंदुमाधवांच्या वरच्या खोलीत येऊन राहिले आणि तीन वर्षांनी तिथेच गेले. थोरला शरद नागपुरात, धाकटा प्रसन्न सिंगापुरात, आणि दोघांत बोलणं नाही. मरणाच्या वेळी धाकटा येईल असं थोरल्याला वाटलं आणि थोरला पोहोचलाच असेल असं धाकट्याला. मणिकर्णिकेवर अग्नी बिंदुमाधवांनीच दिला. आता वर्ष उलटल्यावर दोघांनाही बापाची आठवण अनावर झाली होती, पण यायला दोघांनाही सवड नव्हती.

“बापाचं श्राद्ध एकच, तेव्हा एकाच वेळी दोघांना जोडा,” शरदरावांनी सांगितलं. “पण त्याचा एक शब्द मला ऐकायचा नाही.”

“मंत्र तर ऐकावेच लागतील,” बिंदुमाधव म्हणाले.

“मंत्र चालतील. हॅलोसुद्धा नको.”

प्रसन्नरावांनीही तंतोतंत हीच अट घातली. त्या एका बाबतीत भावांचं एकमत झालं. तेव्हा ठरलं ते असं: बरोबर बारा वाजता शरदरावांनी पहिल्या लाइनवर फोन करायचा, प्रसन्नरावांनी दुसऱ्या. हॅलो नाही, ख्यालीखुशाली नाही. गुरुजी ‘म्हणा’ म्हणतील, की म्हणायचं.

“आणि विश्वाचा फोन?” अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. “आजच करणार आहे तो. तिकिटाचं सांगायला.”

दिवाळीला येतो असं विश्वजीतने आषाढातच कबूल केलं होतं, ईशानीला घेऊन. तारीख अमावास्येला कळवणार होता. त्याची खोली बाईंनी गणपतीतच धुऊन काढली होती. पाळणाही गच्चीवरून खाली आणून तेल देऊन ठेवला होता.

“करेल की. अर्ध्या तासात दोन्ही लाइनी मोकळ्या होतात.”

“तिकडे मध्यरात्र असते तेव्हा. डोळ्यांत तेल घालून वाट बघत बसेल का तो?”

“सहा वर्षं आपण बसलो,” बिंदुमाधव म्हणाले, “तो अर्धा तास बसेल.” असं बोलायला नको होतं, हे त्यांना लगेच कळलं. पण पंचांग बघण्याचं निमित्त करून ते उठून गेले.

भाद्रपदात गंगा चढलेली असते. पाणी सत्ताविसाव्या पायरीला लागलं होतं, म्हणजे यंत्राच्या टप्प्यात. बिंदुमाधव गुडघाभर पाण्यात उतरले. समोर पाटावर भाताचे पिंड, तीळ, दर्भ. बाराला दोन्ही भावांचे फोन आले, ते त्यांनी जोडून घेतले. पण दोन्ही हात कामात, मग फोन धरायचा कसा? त्यांनी तो दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातला, कानाशी लावला आणि उपरणं हनुवटीखालून घेऊन डोक्यावर घट्ट गाठ मारली.

“का गुरू, दाँत पिरात हौ?” दात दुखतोय का, असं नावेतल्या मल्लाहाने काळजीने विचारलं.

“श्राद्ध चाललंय,” बिंदुमाधव तुटकपणे म्हणाले. मल्लाहाने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा रिकाम्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि नाव जरा दूर नेली.

आचमन झालं. संकल्प सुरू झाला. शरदराव नागपुरात, म्हणजे संकल्पात म्हणतात त्या भरतखंडातच होते म्हणून त्यांची सोय होती, प्रसन्नरावांसाठी बेटाचं काय म्हणायचं ते बिंदुमाधवांनी रात्री पोथ्या चाळून ठरवलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं, इतक्यात कानातला आवाज एकदम बंद झाला.

“लाइट गेलीऽऽ!” वरून खिडकीतून अन्नपूर्णाबाई ओरडल्या. “पान बारा! वीज नसता यंत्र चालणार नाही!”

“मला ते दिसतंय!”

“मग वर या! लाइट आली की परत वाजेल ते, कानाशी बांधून ठेवू नका! पान सात!”

पण पिंड हातात, हात ओले, उपरण्याची गाठ डोक्यावर. ती सोडली तर पुन्हा कोण बांधणार? शिवाय बायकोने वरून ओरडून सांगितलेली गोष्ट सगळ्या घाटादेखत ऐकण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते तसेच उभे राहिले.

सात मिनिटांनी वीज आली. यंत्र सावध झालं आणि दोन्ही लाइनींची घंटा एकदम, थेट बिंदुमाधवांच्या कानात वाजली. ते पाटासकट पडता पडता वाचले. डावा कान बधिर झाला आणि आत सूं असा आवाज सुरू झाला. पुढचं सगळं त्यांना कापसातून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं. शब्द कळत होते, पण कोणता आवाज कुणाचा हे काही कळत नव्हतं. पिशवीवरून चाचपडत त्यांनी एक नंबर दाबला, दोन नंबर दाबला, जोडण्याचं बटण दाबलं आणि मुहूर्त टळू नये म्हणून कुणालाही तोंड उघडू न देता म्हणाले, “बोलायचं नाही. म्हणा.”

दोन्ही लाइनींवरून मंत्र येऊ लागला. दुसऱ्या लाइनीवरचा आवाज अंमळ उशिरा येई, पण उच्चार असे खणखणीत की बिंदुमाधव थक्क झाले. मघाशी याच लाइनीवर प्रत्येक जोडाक्षराचा खून पडत होता.

“वा! सुधारलात हं,” ते म्हणाले. “आता गोत्र सांगा. पहिले थोरले.”

“काश्यप,” पहिली लाइन म्हणाली.

“धाकटे?”

“वासिष्ठ,” दुसरी लाइन झोपाळू आवाजात म्हणाली.

“काश्यप!” बिंदुमाधव खेकसले. “सख्ख्या भावांची गोत्रं वेगळी कशी? परदेशात गेलं म्हणून गोत्र बदलतं होय? म्हणा, काश्यप.”

“काश्यप,” दुसरी लाइन निमूटपणे म्हणाली.

“पिंड आता मी हातात घेतलाय. इथून पुढे मी सांगणार नाही, ज्याचं त्याने म्हणायचं. दिवंगत वडिलांचं नाव घ्या. थोरले?”

“दिनानाथ.” शरदरावांचा आवाज जरा ओला झाला होता.

“धाकटे?”

पलीकडून आधी एक जांभई आली. मग दुसरी लाइन म्हणाली, “बिंदुमाधव.”

पाण्यात उभे असलेले बिंदुमाधव हातातल्या पिंडाकडे पाहत राहिले.

“काय म्हणालात?”

“बिंदुमाध... बाबा? बाबा, तुम्हीच आहात ना? मी विश्वजीत. मी हॅलो म्हणणार तर तुम्ही ‘म्हणा’ म्हणालात, म्हणून मी... मला झोप येत होती बाबा. अरे देवा. हे काय म्हणालो मी?”

दोष त्याचा नव्हता. टोकेकरांच्या घरात बाप ‘म्हणा’ म्हणाला की म्हणायचं, हे त्याच्या अंगात वयाच्या आठव्या वर्षापासून मुरवलेलं होतं. बाकी सगळं तो विसरला होता, तेवढं राहिलं होतं.

“गुरुजी, काय चाललंय?” पहिली लाइन विचारू लागली. “प्रसन्न कुठाय?”

प्रसन्नराव सिंगापुरात एंगेज टोन ऐकत होते. शरदने मुद्दाम दोन्ही लाइनी अडवल्या असं त्यांचं मत तेव्हाच झालं, ते पुढे कधीच बदललं नाही.

“बाबा,” विश्वजीतचा आवाज आता चांगलाच घाबरला होता. “जिवंत माणसाचं नाव घेतलं पिंडाला. मी, मुलाने घेतलं. ह्याला काही शांती असते ना?”

“असते.”

“मग करून टाकू. लगेच.” तो जरा थांबला. “फोनवरून होते ना?”

बिंदुमाधवांना सहा वर्षांत एवढी चांगली संधी आली नव्हती. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. ह्याला स्वतः यावं लागतं, मुलीला आणावं लागतं, महिनाभर राहावं लागतं. घाबरलेला मुलगा उद्याचं तिकीट काढून आला असता. आई बोलावते म्हणून आला नाही, पाळण्याला तेल देऊन ठेवलंय म्हणून आला नाही, पण भीतीने आला असता. त्यांनी तोंड उघडलंही. आणि त्यांना आठवलं की जोडण्याचं बटण दाबलेलं आहे. पहिल्या लाइनीवर नागपूरचे शरदराव कान देऊन ऐकत आहेत, ज्यांना त्यांनी भाव महत्त्वाचा, देहाला महत्त्व नाही, हे आठ दिवसांपूर्वीच पटवून दिलं होतं.

ते सोडवायला बटण कुठलं हे त्यांना आठवेना. पान किती तेही आठवेना. वर खिडकीत पुस्तक होतं, पण विचारायची सोय नव्हती.

“गुरुजी?” शरदराव म्हणाले. “ते विचारतायत, फोनवरून होतं का.”

“नाही होत,” बिंदुमाधव म्हणाले.

“मग माझं?”

“तुमचंही नाही होत. कुणाचंच होत नाही.”

मग शरदराव म्हणाले, “मग आधी का नाही सांगितलंत?”

“कारण नातीचं बारसं मी फोनवरून केलं होतं. ते खोटं झालं असतं.” बिंदुमाधवांनी हातातला पिंड पाटावर ठेवला. “आणि खरं सांगतो, मला हे यंत्र आवडलं होतं हो. मुलाने पाठवलेलं. हे चालतं असं म्हटलं की मुलगा काही फार लांब नाही असं वाटायचं. तुमचे वडील तीन वर्षं रोज संध्याकाळी जिन्याच्या पाचव्या पायरीवर येऊन विचारायचे, ‘फोन आला होता का?’ मी कधी नाही म्हटलं नाही. ‘आला होता, तुम्ही देवळात होता’ असं सांगायचो. सूर्य वृश्चिकेत जाईपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतरही, हे महालयाचं श्राद्ध करता येतं, एवढी सवलत शास्त्रातच आहे. या. आणि विश्वा, तूही ये. ईशानीला घेऊन ये.”

“बघतो बाबा,” विश्वजीत म्हणाला. “नक्की बघतो. पण तुम्ही ठीक आहात ना? छातीत वगैरे काही दुखत नाही ना?”

“काय म्हणतोय?” वरून अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. “तारीख सांगितली का?”

“बघतो म्हणाला.”

‘बघतो’ ह्या शब्दाचा अर्थ बाईंना पुस्तक न उघडता कळत होता. तरी त्यांनी पाळण्याला पुन्हा एकदा तेल दिलं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दारात रिक्षा थांबली. बाई ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या. रिक्षातून एक पन्नाशीचा टकला गृहस्थ उतरला, हातात एक बॅग आणि संत्र्यांची करंडी.

“मी शरद,” तो म्हणाला. “नागपूरचा. तुम्ही या म्हणालात ना.”

वरची खोली दाखवल्यावर तो लगेच परत खाली आला, जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसला आणि बराच वेळ तिथून उठलाच नाही. अन्नपूर्णाबाईंनी त्याला चहा तिथेच नेऊन दिला. नंतर त्यांनी त्याची बॅग वरच्या खोलीत न ठेवता विश्वजीतच्या धुतलेल्या खोलीत ठेवली. चार दिवस त्यांनी त्याला विश्वजीतच्या आवडीच्या अनारशांपासून सगळं खायला घातलं. त्याला अनारसे आवडत नव्हते. त्याने सगळे खाल्ले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, अमावास्येला, त्याचं श्राद्ध होतं. एव्हाना गंगा उतरून साठाव्या पायरीच्या खाली गेली होती. घाटावर बांबूंच्या टोकांना आकाशदिवे लटकले होते. शरद पुढे जाऊन पाण्याशी थांबला होता. बिंदुमाधव तीळ-दर्भ घेऊन निघाले, इतक्यात दुसऱ्या लाइनीची घंटा वाजली. घंटा थांबेपर्यंत त्यांनी फोन कानापासून दूर धरला. मग बटण दाबून, बोलत बोलत, ते पायऱ्या उतरू लागले.

“बाबा, हॅपी दिवाळी. तुमची तब्येत कशी आहे?”

“बरी आहे. कधी येतोस?”

“रजेचं जमेना बाबा. पण एक चांगली बातमी आहे. इथल्या देवळात नवीन गुरुजी आलेत, पुण्याचे, चांगले शिकलेले. त्यांना ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, अशी शांती फोनवरून चालते. भाव महत्त्वाचा. त्यांनी सगळं कसं छान समजावून सांगितलं.”

बिंदुमाधव अठ्ठावीस पायऱ्या उतरले होते. “अर्धा तास लागला असेल,” ते म्हणाले.

“हो! तुम्हाला कसं कळलं? तर बाबा, तुम्ही फक्त तारीख कळवा. दोन्ही लाइनी मोकळ्या ठेवा म्हणजे झालं. मी त्यांना जोडून घेईन. आणि आई सांगत होती, तुम्ही फोन पाण्यात घेऊन जाता. असं करू नका हं, बाबा. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय.”

“येतोय का?” वर खिडकीतून अन्नपूर्णाबाईंनी हाक दिली. “अहो, विचारा ना, येतोय का?”

एकतिसाव्या पायरीवर बिंदुमाधव थांबले. आवाज स्वच्छ होता. मागे कुठेतरी झोपमोड झालेलं एक लहान मूल काहीतरी मागत होतं, एकाच इंग्रजी शब्दात. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

मग ते बत्तिसाव्या पायरीवर उतरले. “हॅलो? बाबा? खरखर येतेय,” विश्वजीत म्हणाला. “ऐकू येतंय ना तुम्हाला?”

तेहतिसाव्या पायरीवर काही नव्हतं. खाली शरद उघड्या अंगाने, पाण्याच्या गारठ्याने कुडकुडत, पाण्यात उभा होता. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बिंदुमाधवांनी फोन पायरीच्या कोरड्या कडेला, पाण्यापासून लांब ठेवला आणि उरलेल्या पायऱ्या उतरून गेले.

“म्हणा,” ते म्हणाले.